मोज्यातली कुसळं

टीवायच्या, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात माझे मोजे कधीच पुरते साफ झाले नाहीत. कितीही चोळून धुतले तरी विणीत दोन-चार कुसळं राहायचीच. सकाळी वेताळ टेकडीवर जाऊन यायचं, तिथून थेट कॉलेज गाठायचं, प्रॅक्टिकलला बसायचं आणि मग तासभर घोट्याशी काहीतरी टोचत राहायचं. वाकून काढावं तर मॅडम समोर उभ्या, तसंच ठेवावं तर सगळं लक्ष पायात.

अशीच एकदा हळूच वाकले आणि चिमटीत धरून एक कुसळ ओढून काढलं. टाकायला जागा नव्हती म्हणून समोरच्या वॉचग्लासमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या बशीत ठेवलं. त्यात दोन थेंब पाणी होतं. थोड्या वेळाने पाहिलं तर कुसळ जागचं हललेलं. टेबलाला कुणाचा धक्का लागला असेल असं वाटलं. पण ते फिरतच होतं, अगदी सावकाश, झोपेतलं माणूस कूस बदलतं तसं.

मी वॉचग्लास डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली सरकवला. खालचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले तांबूस राठ केस. हे केस मागे वळलेले असल्यामुळे कुसळ आत शिरतं पण बाहेर यायला तयार नसतं. मोज्यात काय होतं ते मला कळलं. वर काळपट लांब शेपटी, सुंभाला असतो तसा पीळ पडलेली, आणि मध्येच गुडघ्यासारखी वाकलेली. पाणी लागलं की तो पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा आवळतो. उलगडताना वाकलेलं टोक गोल फिरतं. रानात हे टोक गवताच्या काडीला, खड्याला अडकून बसतं. मग शेपटीला फिरता येत नाही, बीच फिरायला लागतं आणि गिरमिटासारखं मातीत उतरतं. रात्रीचं दव आणि दुपारचं ऊन, एवढ्या दोन गोष्टींवर हे बी स्वतःला पेरून घेतं. ना बैल लागतात, ना तिफण.

ही गोष्ट आईला सांगायची, असं मी तिथेच ठरवलं. माझ्या घरी पेरणीइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. सांगायला मात्र महिना गेला.

2023 साल होतं. अधिक श्रावण आल्यामुळे सगळे सण पुढे सरकले होते. दसरा 24 ऑक्टोबरला आणि दिवाळी नोव्हेंबरात. पाऊसही उशिराच परतला. राजस्थानातून मोसमी वारे माघारी फिरायला लागण्याची नेहमीची तारीख 17 सप्टेंबर धरतात, त्या वर्षी 25 सप्टेंबर उजाडला. आमच्याकडे म्हणजे लातूर जिल्ह्यात औशाच्या बाजूला तर पाऊस परतायला मुळात आला होता कुठे, हाच प्रश्न होता. 1901 पासून मोजणी आहे आणि तेव्हापासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो होता. पुण्यात मला ते फक्त बातमीत दिसलं. घरी ते शेतात दिसत होतं.

पुण्याचा ऑक्टोबर मी तीन वर्षं पाहिला आणि तिन्ही वर्षं मला तो सोसला नाही, तरी आवडला. ढग एका रात्रीत निघून जातात. जमीन अजून ओली असते, हवेत ओल असते, आणि त्यावर आडकाठी नसलेलं ऊन पडतं. वाराही पडलेला असतो, कारण नैर्ऋत्येचा गेलेला आणि उत्तरेचा यायचा असतो. दुपारी 33-34 अंश, पहाटे पांघरूण शोधायला लावणारा गारवा. सकाळी स्वेटर घालून निघायचं आणि दुपारी तोच कमरेला बांधून फिरायचं. संध्याकाळी रस्त्यावर सप्तपर्णी फुललेली. आमच्याकडे तिला सातवीण म्हणतात. तिचा वास सुरुवातीला गोड वाटतो आणि नंतर डोक्यात बसतो. काही रस्त्यांवर बुचाची लांब देठांची पांढरी फुलं सकाळी पडलेली असतात, एखादी आजी ती ओच्यात वेचत असते. मी तिच्याकडे पाहत सायकल हळू करायचे आणि त्यात माझी पाच मिनिटं जायची.

आमच्या कॉट बेसिसच्या घरमालकीण आजी संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका होत्या. ऑक्टोबरात चार मुलींपैकी दोघी तापाने झोपल्या की त्या म्हणायच्या, "वैद्यानां शारदी माता." शरद ऋतू वैद्यांची आई आहे, कारण त्यात त्यांना आजारी माणसांची कमी पडत नाही. पावसाळ्यात साठलेलं पित्त या उन्हाने उसळतं, असं आयुर्वेद सांगतो. आणि म्हणूनच आयुष्य मोजायला आपल्या जुन्या लोकांनी शरद निवडला, असं आजींचं म्हणणं. पश्येम शरदः शतम्. शंभर शरद पाहू दे. जो शरद निभावून गेला, तो वर्ष निभावून गेला. त्यांचा हा अर्थ शास्त्राला धरून आहे की नाही हे मला माहीत नाही, पण पेज देताना त्या हे सांगायच्या आणि मला ते पटायचं.

टेकडीवर रोज सकाळी जायचं कारण साधं होतं. माझं हर्बेरियम, म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांचा संग्रह, बुरसलं होतं.

बॉटनीच्या सबमिशनला 25 शीट्स द्यायच्या होत्या. ऑगस्ट-सप्टेंबरात मी सिंहगडाच्या वाटेवरून सोनकी, तेरडा आणि आणखी बरंच काही गोळा केलं होतं. झाड मुळासकट आणायचं, वर्तमानपत्राच्या घडीत पसरायचं, पानांची एखादी पाठ वर दिसेल असं ठेवायचं, दाबाखाली द्यायचं आणि रोज कागद बदलायचा. या रोजच्या कागद बदलण्यातच सगळं असतं. झाडं दाबायचा प्रेस आमच्या वाट्याला आठवड्यातून एकदा यायचा, म्हणून मी सगळी चळत ट्रंकेखाली ठेवली होती. गणपती उठायच्या सुमारास संध्याकाळचे पाऊस सुरू होते, माझ्या इंटर्नल्स होत्या आणि मी चार दिवस कागद बदलले नाहीत. पाचव्या दिवशी ट्रंक उचलली तर वास आला. अकरा नमुन्यांवर राखाडी मऊ बुरशी धरली होती. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. माझ्या तेरड्याचा रंग कागदाला लागला होता आणि पाकळ्यांचा चिखल झाला होता.

मी त्या दिवशी जेवले नाही. कुणी काही बोललं म्हणून नव्हे. ती झाडं मी उपटून आणली होती. माझ्या कामासाठी त्यांचा जीव गेला आणि मी त्यांचं काम केलं नाही, हे मला फार लागलं. आम्हाला एकदा जुनं हर्बेरियम बघायला नेलं होतं. शंभर वर्षांहून जुनी शीट, कागद पिवळा पडलेला, पण पानाच्या शिरा मोजता याव्यात इतक्या स्पष्ट. कोपऱ्यात शाईने गावाचं नाव आणि तारीख. कुणीतरी त्या झाडाचा कागद रोज बदलला होता म्हणून ते मला दिसत होतं.

मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता ऑक्टोबरात जे आहे ते आण. गवतं आण. गवतं कुणी आणत नाही." ऑगस्टमधलं काही आता मिळणार नव्हतंच. टेकडीचा रंग हिरव्यावरून सोनेरी होत चालला होता. म्हणून मी गवताकडे वळले आणि मोज्यात कुसळं आली.

गवतं ओळखणं फार कठीण. फूल म्हणावं असं काही दिसत नाही, सगळी एकमेकांच्या बहिणी. पुस्तकात लॅटिन नावं मिळाली, पण शीटवर स्थानिक नावही लिहायचं होतं. मी अण्णांना फोन लावला. रात्री नऊची वेळ, ते ओसरीवर बसलेले असणार.

"अण्णा, एक गवत हाय. तुऱ्याला दोन-तीन बोटं फुटल्यासारखी, जांभळट. पेऱ्यावर पांढरी लव."

"मारवेल ते. म्हशी तुटून पडतात त्याच्यावर. आणखी सांग."

मी वर्णन करायचे आणि ते नाव सांगायचे. मारवेल, पवन्या, कुसळी. एखादं ओळखलं नाही तर म्हणायचे, "पान मोडून वास घे बरं." मी फोन कानाला लावून पान चुरगाळायचे. असे आम्ही चार-पाच रात्री बोललो. अण्णांशी एरवी माझं बोलणं पैसे पोचले का आणि गाडी कितीची, एवढ्यापुरतं. त्या वर्षी ते गवतावर भरभरून बोलले. कुसळी कोवळी असताना चारा म्हणून चांगली, पण एकदा कुसळं धरली की जनावराच्या तोंडाला इजा होते, म्हणून ती आधीच कापायची असते, हे मला त्यांनी सांगितलं. पुस्तकात पुढे वाचलं तेव्हा तेच लिहिलेलं होतं.

या सगळ्या फोनांत आपल्या शेताबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आता आठवून पाहते तेव्हा हे मला सारखं टोचतं. मी त्यांना पंधरा मिनिटं गवताबद्दल विचारत होते आणि सोयाबीनबद्दल "काढणी कशी चाललीय" एवढंच. ते म्हणायचे, "चाललीय."

घरी आणि पुण्यात आमचा एक न ठरवलेला करार होता. दोन्हीकडून सगळं ठीक असायचं. "जेवलीस का?" "जेवले." "तब्येत बरी हाय का?" "बरी." मेस दसऱ्याला आणि पाडव्याला बंद असायची, ताप आला की डबा परत जायचा, पण जेवले हेच उत्तर. आईला साडेतीनशे किलोमीटरवरून करता येण्यासारखं काही नसताना तिला ते कळवून काय होणार, असं मला खरंच वाटायचं. अजूनही तसं वाटतं, पूर्ण चुकीचं होतं असं म्हणवत नाही.

सायकलचंही तसंच. जुनी सायकल होती, चेनकव्हर नसलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईतून झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन परत येत होते. (आपटा म्हणून शहरात पुष्कळ वेळा कांचनाच्याच फांद्या विकतात. दोन्हींची पानं जोडपानासारखी, म्हणून चूक होते. आपट्याचं पान लहान, जाड आणि रुंदीला जास्त. पण आपटा असो की कांचन, एका दिवसासाठी अख्खी झाडं ओरबाडलेली बघून मला त्रास होतो. सोनं एका पानानेही होतं.) तर उतारावर माझ्या सलवारची मोहरी चेनमध्ये गेली. सायकल आडवी झाली, झेंडू रस्त्यावर, आणि दात्याने घोट्याच्या वर चांगलं तीन इंच सोललं. मागून येणारी गाडी वेळेत थांबली.

कोपऱ्यावरचे पंक्चरवाले चाचा धावत आले. त्यांनी आधी माझा पाय पाहिला, मग चेन. कापड असं अडकलं होतं की ओढून निघेना. त्यांनी ब्लेडने मोहरी कापली, ट्यूब तपासायच्या घमेल्यातलं पाणी बाजूला सारून बाटलीतलं स्वच्छ पाणी घोट्यावर ओतलं. पैसे विचारले तर हात हलवून म्हणाले, "घर जाके दवाई लगाओ, बेटा." त्यांच्या दुकानातला पोऱ्या तोवर रस्त्यावरचा झेंडू वेचून पिशवीत भरत होता. चाकाखाली चिरडलेली फुलंसुद्धा त्याने उचलली होती. मी ती तशीच आजींना दिली. आजींनी त्यातली चांगली निवडून दाराला तोरण केलं.

आईने रात्री विचारलं, "नवी सलवार घातलीस का दसऱ्याला?" मी म्हटलं, "घातली."

कोजागिरी चार दिवसांनी आली, 28 ऑक्टोबर, शनिवार. त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. आजींना वेध पाळायचे होते, त्या दुपारनंतर काही खाणार नव्हत्या. आम्हा मुलींना मात्र त्यांनी मोकळीक दिली. "तुमचं वय उपाशी राहायचं नाही," म्हणाल्या. आम्ही चौघींनी वर्गणी काढून तीन लिटर दूध आणलं. बदाम, पिस्ते परवडण्यासारखे जेवढे तेवढे, वेलदोडे, जायफळ. केशर एकीच्या आईने काडेपेटीत घालून पाठवलेलं होतं. गच्चीवर शेगडी नेली. दूध आटवायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी गावाकडची, मला जमेल असं सगळ्यांना वाटलं.

मी मोठं पातेलं घेतलं. त्यात सकाळी लिंबाचं सरबत केलेलं होतं आणि कुणीतरी ते नुसतं विसळून ठेवलं होतं. मी पाहिलं नाही. दूध अर्धा तास आटलं, रंग बदलायला लागला, वरती चंद्र कडुनिंबाच्या वर आला, आणि मग पळीला काहीतरी दाणेदार लागलं. दोन मिनिटांत सगळं दूध फाटलं. हिरवट पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे.

कुणी काहीच बोललं नाही. तीन लिटर दूध म्हणजे आमच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. केशर घालायचं राहिलं होतं एवढंच समाधान. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हर्बेरियम, सायकल आणि आता हे, एका महिन्यात माझ्या हातून सगळं निसटत होतं. आवाज ऐकून आजी जिना चढून आल्या. पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "रडतेस काय? साखर आण." त्यांनी पदर खोचला, पाणी थोडं आटू दिलं, साखर घातली आणि ढवळत राहिल्या. नासकवणी. त्यांच्या सासूबाई करायच्या म्हणे, दूध नासलं की. स्वतः वेध पाळत असल्यामुळे त्यांनी चव घेतली नाही. माझ्या हातावर चमचाभर ठेवून विचारलं, "गोड झालंय?" झालं होतं. केशर त्यात घातलं. आम्ही ते वाट्यांतून खाल्लं, चंद्राला आधी दाखवून.

साडेदहाला आईला फोन केला. आश्विन पौर्णिमेला आमच्या गावातल्या बायका चालत तुळजापूरला जातात. सोलापूरकडून तर त्या दिवसांत एवढी माणसं चालत असतात की 45 किलोमीटरचा रस्ता गाड्यांना बंद ठेवतात. आमच्याकडून गर्दी कमी, पण आई लग्न झाल्यापासून एकदाही चुकली नव्हती. मला वाटलं होतं मागे संबळ ऐकू येईल, बायकांचा गलका ऐकू येईल. फोनमध्ये सगळं शांत होतं.

"कुठपर्यंत पोचलीस?"

"न्हाई गेले यंदा. पाय दुखायलेत जरा."

"व्हिडिओ कॉल करू? चंद्र दाखवते."

"नेट न्हाई लागत इथं. तू बघ. आम्ही पण बघायलाव हितून."

मला शंका यायला हवी होती. आईचे पाय दुखत नाहीत असा दिवस नसतो आणि ती कधी त्यासाठी थांबत नाही. पण मी वर पाहिलं, चंद्राशेजारी गुरू इतका ठळक होता, आणि मी तिला त्या ताऱ्याबद्दल सांगायला लागले.

ग्रहण रात्री एक वाजून पाच मिनिटांनी लागलं. आम्ही चटईवर उताण्या पडून पाहत होतो. फार मोठं नव्हतं, चंद्राची कड खालून जराशी कुरतडली गेली एवढंच. पण मी पहिल्यांदाच ग्रहण सुरुवातीपासून सुटेपर्यंत पाहिलं. मधल्या वेळेत दोघी झोपल्या. मी आणि आजी जाग्या होतो. आजी जप करत होत्या. को जागर्ति, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. सुटल्यावर आजींनी अंगावर पाणी घेतलं आणि मग पहाटे तीनला त्यांनी वाटीभर नासकवणी खाल्ली.

पुढचे दहा दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही. जर्नल सर्टिफाय करून घेणं, लॅबच्या शिपाईमामांच्या मागे लागून लॅब उघडून घेणं, लेबलं लिहिणं. 25 शीट्स झाल्या. त्यातल्या नऊ गवतांच्या होत्या आणि नऊही लेबलांवर स्थानिक नाव होतं. मॅडमनी शीट पालटत विचारलं, "ही नावं कुठून मिळवलीस?" मी वडिलांचं नाव सांगितलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, एकही चुकलेलं नाही." थिअरीचे पेपर दिवाळीनंतर होते, तेव्हा पुस्तकांची पिशवीही बरोबर घेतली.

वसुबारसेला, 9 नोव्हेंबरला निघाले. स्वारगेटला पाय ठेवायला जागा नव्हती. थेट गाडी मिळाली नाही म्हणून सोलापूर गाडी धरली, तिथून पुढे तुळजापूर, औसा. त्याच वर्षीच्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं. वाचलेल्या पैशांतून मी आईसाठी बांगड्या घेतल्या होत्या, हिरव्या, काचेच्या. वाटभर पिशवी मांडीवरच ठेवली.

अण्णा औशाला फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. वाटेत दोन्हीकडे सोयाबीन निघालेलं रान, नुसती खोडकी. आमच्या शेताशी आल्यावर काढलेल्या सोयाबीनचा ढीग दिसेना म्हणून मी विचारलं, "बनीम कुठंय?" ते म्हणाले, "झाली की मळणी." किती उतरलं विचारल्यावर मोटारसायकलच्या आवाजात त्यांनी एकदा सांगितलं, मग मी पुन्हा विचारलं म्हणून पुन्हा सांगितलं. बियाण्याच्या चार बॅगा पेरल्या होत्या. चांगल्या वर्षी बॅगेला आठ-दहा कट्टे, म्हणजे पोती होतात. यंदा चारी मिळून तेरा. फुलं आणि शेंगा लागायच्या वेळी पाऊस नव्हता आणि पुढे पिवळा मोझॅक आला, पानं पिवळी पडली. हमीभाव क्विंटलला 4600 रुपये जाहीर होता, पण तेरा कट्ट्यांना तो लावला काय आणि न लावला काय. माझी परीक्षा फी त्यांनी ऑक्टोबरात भरली होती, एक दिवसही उशीर न करता.

घरात शिरले तेव्हा आई चुलीपुढे होती. मी पायांत चपला असतानाच थबकले. भाकरी थापल्याचा आवाज वेगळा येत होता.

आईच्या भाकरीचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. उजव्या तळव्याची थाप आणि डावा हात कडेने फिरवणारा, एकसारखा ठेका. आज तो ठेका मध्येच मोडत होता. जवळ गेले तर डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वर धरलेली होती, परातीला लागू न देता. दोन्हींवर काळपट ओरखाडा, शिवलेल्याच्या खुणा अजून दिसत होत्या.

"काय झालं गं हे?"

"विळा लागला जरा. झालं आता बरं."

"कधी?"

आई बोलली नाही. अण्णा दारातून म्हणाले, "कोजागिरीच्या आधी तीन दिवस. सहा टाके."

पाय दुखत नव्हते. नेट होतं. हात दिसू नये म्हणून व्हिडिओ नको होता. डॉक्टरने धुळीत, गर्दीत जायला नको म्हटलं म्हणून तुळजापूर चुकलं होतं. ती ज्या रात्री ओसरीवर बसून दुखऱ्या हाताने चंद्र बघत होती, त्या रात्री मी तिला गुरूचा तारा कसा ओळखायचा ते सांगत होते.

मला रागवायचं होतं, पण कोणत्या तोंडाने. मी परात पुढे ओढली आणि थापायला बसले. माझी भाकरी कडेने चिरली, आईने दुसऱ्या हाताने ओल्या बोटाने चीर बुजवली. बांगड्या मी तिच्या उजव्या हातात भरल्या. डाव्या हातात सूज उतरल्यावर, असं ठरलं.

जेवणं झाल्यावर मी ओसरीवर पाय पसरून बसले होते. आई शेजारी येऊन बसली आणि सवयीने तिने माझे मोजे हातात घेतले, सकाळी धुवायला टाकायचे म्हणून. "आगं, केवढी कुसळं ही! पुण्यात कुठं गेलतीस रानात?" बॅटरीच्या उजेडात एकेक कुसळ ओढून ती ओसरीच्या कडेला ठेवू लागली. ओढता ओढता तिची नजर माझ्या घोट्याकडे गेली. खपली पडून गुलाबी कातडी आली होती, तीन इंच लांब. तिने त्यावरून अंगठा फिरवला. विचारलं नाही. मीच सांगितलं, चेन, चाचा, झेंडू, सगळं. मग दूध फाटल्याचं सांगितलं. बुरशीचं सांगितलं. अण्णा खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते, मॅडमचा निरोप ऐकल्यावर ते उठून बसले आणि म्हणाले, "पुन्हा सांग काय म्हणल्या."

मग मला आठवलं. मी उठून वाटीत पाणी आणलं, कडेला ठेवलेल्यांतलं एक कुसळ उचललं आणि पाण्यात सोडलं.

"काय करायलीस?"

"थांब. बघत राहा."

आईने बॅटरी उजव्या हातात घेतली आणि वाटीवर वाकली. अण्णाही खाटेवरून उतरून आले. आधी काहीच झालं नाही. पाणी स्थिर, कुसळ स्थिर. मग शेपटीचं वाकलेलं टोक वाटीच्या कडेकडे सरकलं, थांबलं, आणि पुन्हा सरकलं.

"फिरायलंय की गं," आई म्हणाली. तिने बॅटरी आणखी खाली धरली.